मोटारीवरचं जाळं

आमच्या घरी मोटार आली तेव्हा मला सासरी येऊन जेमतेम एक दिवाळी झाली होती. लढाई अजून सुरू व्हायची होती. वाशिमात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, तिथल्या कोर्टात वकिली करत. यवतमाळकडचे कुणी साहेब नोकरी संपवून विलायतेला परत निघाले, त्यांची काळी मोटार मामंजींनी घेतली आणि बैलांच्या कोठ्यात, दमणीच्या, म्हणजे आमच्या छोट्या बैलगाडीच्या, शेजारी उभी केली. बैल पहिले काही दिवस तिच्याकडे बघून फुरफुरत. मग त्यांनाही सवय झाली.

त्या मोटारीवर घरातल्या सगळ्यांचा जीव. आमच्याकडची काळी माती, रस्त्याचा फुफाटा. मोटार गावाबाहेर जाऊन आली की राखेत लोळल्यासारखी दिसे. मग जो तो पुसायला धावायचा. मामंजी खांद्यावरच्या उपरण्यानं पुसत. सासूबाई शुक्रवारी तिला कुंकू लावायच्या आणि आधी पदरानं जागा स्वच्छ करायच्या. आणि हे, म्हणजे माझे यजमान, ते तर पोत्याचा तुकडाच घेत. "धूळ कशी खसकन निघते, पाह्य," असं मला कौतुकानं सांगत. मीही पुसायची. नव्या सुनेला मोटारीला हात लावायला मिळतो म्हणजे केवढं! मी आपली गोल गोल हात फिरवायची, चुलीपुढची जागा सारवल्यासारखी.

शेजारी कापडाचे व्यापारी राहत. मामंजींचे लहानपणचे मित्र, जातीनं मुसलमान. घरात सगळेच त्यांना चाचा म्हणत. एके सकाळी ते आले तेव्हा मोटार अंगणात उन्हात उभी होती.

"वकीलसाहेब, पोरीचा निकाह ठरला," चाचा म्हणाले. "नवरदेव अकोल्याहून रेल्वेनं येऊन राह्यला. ठेसनावरून त्याले तुमच्या मोटारीत आणावं, असं मनात आहे."

"हे काय इचारनं झालं?" मामंजी म्हणाले. "माही पोरगी नाई का ते? फुलं लावून आणू."

चाचांनी खुशीत मोटारीवर हात ठेवला आणि वाकून बघितलं. "हे जाळं कशाचं हो?"

आम्ही सगळे जवळ गेलो. उन्हाचा गोळा काळ्या रंगात पडला होता आणि त्याच्याभोवती बारीक बारीक चरे, गोलात गोल, अगदी कोळ्यानं जाळं विणावं तसे. जिकडे सरकावं तिकडे ते जाळं आपल्यासोबत सरके. कोठ्याच्या सावलीत हे कधी दिसलंच नव्हतं. मामंजींना वाटलं, खरंच कोळिष्टक आहे. त्यांनी उपरणं काढून खसाखसा घासलं. जाळं तसंच. उलट उपरण्याखाली धूळ करकरली, तो आवाज मला ऐकू आला आणि माझ्या ध्यानात आलं, हे आमच्याच पुसण्यानं झालंय. सगळ्यांच्या मायेचे ओरखडे होते ते.

"राहू द्या हो, चालते," चाचा म्हणाले. पण मामंजींना ते चालणार नव्हतं. लग्नाला पंधरवडा होता, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही.

मामंजींनी अकोल्याहून मोटारीच्या सामानाच्या दुकानातून एक विलायती डबी मागवली. आत विटकरी रंगाचा लेप होता, बोटावर घेतला की रवाळ लागे. ह्यांनी देवाची पितळी भांडी उजळायचं पातळ औषध आणलं, त्याचा वास अख्ख्या माजघरात घुमला. सासूबाई म्हणाल्या, "कायले पैशाची नासाडी? चिंच आहे घरात." प्रत्येकाला आपलंच औषध खरं वाटे. शेवटी मामंजींनी निवाडा केला: मोटारीच्या पाठीमागे, खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथं प्रत्येकानं तळहाताएवढ्या जागेवर आपलं औषध लावून दाखवायचं. मग उन्हात बघू.

सासूबाईंच्या चिंचेनं काहीच झालं नाही, फक्त जागा चिकट झाली आणि थोड्या वेळानं तिथं मुंग्यांची रांग लागली. ह्यांनी पितळेचं औषध जोरात घासलं आणि फडकं उलटून पाहिलं, तर ते काळंकुट्ट.

"बाबा! रंग निघून राह्यला!" ते असे ओरडले की बैलांनी मान वर केली.

मामंजींच्या डबीतल्या लेपानं मात्र चरे गेले. खरंच गेले. पण जागा धुरकट झाली, आरशावर कुणी श्वास सोडावा तशी. काळा रंग करडा दिसू लागला. मामंजी तिथं उकिडवे बसले. "जाळं गेलं अन् धुकं आलं," ते म्हणाले.

मी ते ऐकत दारात उभी होते. मामंजींशी मी तोवर 'जेवायला चला' यापलीकडे फारसं बोललेच नव्हते. पण माझ्या डोक्यात एक आलं होतं. लेपाचे कण जाड असतील तर त्यांचेच नवे बारीक चरे पडत असणार, तेच धुकं. त्याहून मऊ काही मिळालं तर? कुरडयांसाठी गव्हाचा चीक आम्ही पाण्यात निवळायला ठेवतो. जड ते आधी खाली बसतं, हलकं मागाहून. मी सासूबाईंना हळूच विचारलं, "खडूची पूड अशी निवळून पाहू का?"

"मले काय इचारतं? त्याईले इचार," त्या म्हणाल्या आणि मोठ्यानं हाक मारली, "ऐकलं का, सूनबाई काय म्हनून राह्यली!"

मामंजींनी मान वळवली. मी पदर सावरून सांगितलं. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "कर. पाटा, वरवंटा, जे लागन ते घे."

मी खडू कुटले, वस्त्रगाळ केले आणि पूड पातेल्यातल्या पाण्यात ढवळली. जरा थांबून वरचं दुधासारखं पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतलं, तळाचं फेकून दिलं. पुन्हा तसंच. चिकाच्या वेळी वरचं पाणी आपण फेकतो. इथं तेच राखायचं, म्हणून हाताची जुनी सवय सारखी आडवी येत होती. दुसऱ्या सकाळी तळाशी सायीसारखा थर बसला होता. दोन बोटांत चोळला तर काहीच लागेना, फक्त गारवा.

आता फडकं. घरातलं प्रत्येक कापड मी गालावर घासून पाहिलं आणि नापास केलं. चाचांना कळलं तेव्हा त्यांनी दुकानातून नव्हे, घरातून मलमल आणून दिली, धुवून धुवून साय झालेली. "नव्या कापडाले खळ असते, बेटी," ते म्हणाले. "हे घे. पोरीचे दुपटे होते लहानपनचे." मी कचरा वेचलेल्या कापसाचा बोळा केला, त्यावर ती मलमल ताणून बांधली, खडूची साय आणि खोबरेलाचा थेंब घेतला आणि मामंजींच्या धुरकट जागेवर अलगद फिरवू लागले.

फडकं काळं होऊ लागलं. हे परत ओरडणार तेवढ्यात मी म्हटलं, "थोडा रंग तर येणारच. वरचा पापुद्रा निघाल्याशिवाय चरा कसा जाईल?" मग पुसून बाजूला झाले.

त्या तळहाताएवढ्या जागेत आकाश दिसत होतं. निंबाची फांदी, तिच्यावरचा कावळा, आणि चार डोकी वाकलेली. जाळं कुठंच नव्हतं. मामंजींनी धोतराचा काचा मारला आणि म्हणाले, "कुठून सुरू करू सांग."

पुढचे दिवस आमच्या घरात सण होता. आधी सासूबाईंनी रिठ्याचं पाणी करून मोटार न घासता धुवायची, धारेनं धूळ उतरवायची. मग जिथं चरे खोल तिथं मामंजी आपल्या डबीतला लेप लावत, बेताबेतानं. त्यांच्यामागून मी खडूची साय घेऊन. ह्यांनी पितळेचं औषध सोडून दिलं आणि मध काढणाऱ्यांकडून मेण आणलं, गरम पाण्यात भांडं ठेवून ते टरपेंटाइनमध्ये विरघळवलं आणि सगळ्यात शेवटी त्याचा हात दिला. मोटारीच्या एका बाजूला मामंजी, दुसऱ्या बाजूला मी, आणि मध्ये गप्पा. त्यांच्या पहिल्या खटल्यात ते कसे स्वतःचंच अशील विसरले, हे मला मोटारीच्या दारापाशी कळलं. मला हसू आवरेना. सासूबाई म्हणायच्या, "हे तर माह्यासंगही इतके बोलत नाईत."

निकाहाच्या दिवशी हे मोटार घेऊन स्टेशनवर गेले आणि गाडी यायच्या आधी पाणी टाकून वाटेतली धूळ उतरवली. नवरदेव गाडीतून उतरला, मोटारीपाशी आला आणि बसायच्या आधी वाकून दाराच्या चकाकीत बघत त्यानं आपला सेहरा सारखा केला. त्याच्या मागे करवले, मग काका, मग बँडवाला, प्रत्येकजण त्या दारात तोंड बघूनच पुढे सरकला. हे सांगताना ह्यांची छाती फुगली होती.

मी चाचांच्या दारात बायकांमध्ये उभी होते. बँड वाजला, मोटार वळणावर दिसली. पण स्टेशनापासूनचा सगळा फुफाटा तिच्यावर बसला होता. नवरदेव उतरताच वऱ्हाडी पुढे झाले. कुणी रुमाल काढला, कुणी शालीचं टोक धरलं, चाचा स्वतः पागोट्याचा शेमला घेऊन आले, पुसायला!

"कोनी हात नका लावू!"

तो आवाज माझाच होता. बँड थांबला. पदर डोक्यावरून खाली आला होता, आणि अख्खी वरात, नवरदेवासकट, माझ्याकडे बघत होती. चाचांचा शेमला हवेतच राहिला. मी तशीच पुढे म्हणाले, "आधी पानी टाका. मंग पुसा."

मग मामंजी हसू लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "ऐका, ऐका," ते म्हणाले, "मोटारीच्या मालकिनीचा हुकूम आहे!" चाचींनी आतून घागर आणली, चाचांनी ती स्वतः ओतली, आणि धुळीच्या ओघळांखालून ती काळी चमक अशी वर आली की पोरं टाळ्या वाजवू लागली. बँडवाल्यानं त्याच तालावर पुन्हा सुरुवात केली. नवरदेवाला बिचाऱ्याला थोडा वेळ कुणी विचारलंच नाही.

आतल्या बायका मला दिवसभर मोटारवाली म्हणून बोलावत होत्या. मी लाजत होते, आणि मला ते फार आवडत होतं.

पुढच्या रविवारी मला पुढं आणि सासूबाईंना मागं बसवून मामंजींनी मोटार अनसिंगच्या रस्त्याला काढली, गाव मागं पडल्यावर थांबवली आणि खाली उतरून माझ्या बाजूला आले. "सरक तिकडं," ते म्हणाले. "चाकामागं बस. पुसता येते, तर चालवताही येईन." दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मी पदर खोचला, चाक घट्ट धरलं, आणि मोटार धक्के खात, उड्या मारत निघाली. मागच्या बाकावरून सासूबाई सगळ्या देवांना हाका मारत होत्या आणि मधूनच ओरडत होत्या, "अजून जोरात घे वो!"