अण्णांचं हळू चालणं

आमचे अण्णा हॉस्पिटलमध्ये भाव करायला गेले आणि हरले.

आज वर्ष झालं.

अण्णा म्हणजे माझे वडील. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांचं आयुष्य गेलं. स्वतःचं जनावर एकही नाही. दुसऱ्यांच्या म्हशी टेम्पोतून उतरवायच्या, धुवायच्या, गिऱ्हाईकापुढे फिरवून दाखवायच्या. कधी गिऱ्हाईकाच्या वतीने भाव करून सौदा जमवून दिला तर वरचं थोडंफार सुटायचं.

मी लहान असताना बाजाराच्या दिवशी मला टेम्पोच्या टपावर बसवून ठेवायचे.

"हितनं हलायचं न्हाई रंजे. म्हशीच्या पायात आलीस तर चपाती हुईल तुजी."

मी कशाला हलतेय? वरून अख्खा बाजार दिसायचा. अण्णा तर सगळ्यात आधी दिसायचे.

तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकायचा, त्याखाली समोरच्याची बोटं धरायची आणि बोटांनीच भाव सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागत नाही.

आणि नाहीच पटलं, तर पाठ फिरवून चालू लागायचं.

पण हळू.

अण्णा सांगायचे, "झपाझप गेलं की त्याला वाटतं, ह्याला घ्यायचंच न्हाई. हळू गेलं की हाक येती."

आणि यायचीच. "ओ पाव्हणं! या माघारी!"

पहिल्या हाकेला अण्णा नुसते थबकायचे. दुसऱ्या हाकेला वळायचे. वळताना टपावर बसलेल्या माझ्याकडे बघून मिशीत हसायचे.

ते हसू फार आठवतं हो. रोज आठवतं.

मागच्या वर्षी त्यांना चालताना दम लागायला लागला. नगरला एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झालीय, बदलावी लागेल. लवकर.

आम्हाला टेन्शन नव्हतं. सरकारी योजनेचं कार्ड होतं ना! आईने ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. हळदीकुंकू तेवढं वाहायचं राहिलं होतं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "कार्ड चांगलंय, पण इथे चालणार नाही. सरकारकडचं पेमेंट अडकलंय, म्हणून आमचं हॉस्पिटल सध्या योजनेत नाही. दुसरीकडे चालेल, पण तिथे वेटिंग आहे. इथे करायचं तर कॅश."

आणि तिने आकडा सांगितला. मी कार्ड पुन्हा पिशवीत गुंडाळायला लागले.

अण्णा मात्र हलले नाहीत. त्यांनी शांतपणे खांद्यावरचा टॉवेल काढला, हातावर टाकला आणि हात काचेखालच्या फटीतून आत सरकवला.

बोटं धरायला!

त्या बिचारीने टॉवेल जरा बाजूला करून हातावर सॅनिटायझर मारलं.

मला हसू आवरेना. अण्णाही हसले. हात चोळत म्हणाले, "ताई, बगा की जरा. कायतरी कमी करा."

"काका, रेट फिक्स असतात."

"फिक्स कुटं काय आस्तंय व्हय?"

भिंतीवरच्या टीव्हीवर नेमकी त्याचीच चर्चा चालली होती. एक जण ओरडत होता, आता सगळ्यांना मोफत उपचार. दुसरा ओरडत होता, पैसा कुठून आणणार. अण्णा जरा वेळ मान वर करून बघत राहिले.

"दोगं बी लई भांडत्यात. जनावर तिकडं उनात हुबं हाय, त्ये कुनी बगंना."

मग त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, पाठ फिरवली आणि चालू लागले.

"अण्णा, मी रिक्षा बघते."

"हळू चाल रंजे. हळू."

मला वाटलं, दम लागला असेल.

लिफ्टपाशी थांबून त्यांनी बाही खाली केली. मेडिकलपाशी चपलेचा अंगठा नीट केला. गेटवर वॉचमनची चौकशी केली, गाव कोणतं, पाऊसपाणी कसं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

अण्णा हाकेची वाट बघत होते.

आणि हाक आली. "काका!"

अण्णा थबकले. वळले नाहीत.

"ओ काका, थांबा!"

मग वळले. मिशीत हसत.

काउंटरवरची मुलगी धावत आली होती. धापा टाकत म्हणाली, "तुमची फाईल राहिली."

अण्णांनी फाईल घेतली. "देव भलं करो बाई तुजं," म्हणाले. रिक्षात बसेपर्यंत तोंडावरचं हसू त्यांनी तसंच ठेवलं होतं. मी रस्ताभर बाहेर बघत रडले.

दुसऱ्या हॉस्पिटलची तारीख मिळाली. तोवर आराम करा म्हणाले. अण्णा आणि आराम!

"म्हशी न्हाई फिरवनार. नुसता जाऊन बसंन."

खरंच नुसते बसले होते. तारखेच्या आधीचाच बाजार होता. बसल्या जागी गेले.

काल टीव्हीवर पुन्हा तीच चर्चा. योजना सुधारणार आहेत म्हणे. सुधारा बाबांनो. मला त्यातलं काही कळत नाही, फक्त लवकर करा. माणसाला चालताना दम लागतो हो.

आज बाजारात जाऊन आले. ते बसायचे तिथे फुलं ठेवावीत असं मनात होतं, पण अण्णांना फुलांचं काय कौतुक? हिरव्या घासाची पेंडी ठेवली. मी हात जोडेपर्यंत एका म्हशीने ती खाऊन टाकली. तुम्हाला फार आवडलं असतं, अण्णा.

गर्दीत खांद्यावर टॉवेल टाकलेल्या कितीतरी पाठी दिसल्या. प्रत्येक पाठीकडे बघून जीव वेडा झाला.

सगळे भावपूर्ण श्रद्धांजली लिहितील, लिहा. मला अजून जमत नाही. कारण मला माहितीये, तुम्ही हळूच चालत असणार. आणि एका हाकेला तुम्ही वळत नाही.

ओ पाव्हणं! या माघारी.

अण्णा, या ना माघारी.