चीफनी पाहिलेलं पहिलं शहर

जगातलं जवळजवळ प्रत्येक मोठं बंदर गाठलेला आणि तरीही एकही शहर न पाहिलेला माणूस मला आयुष्यात एकच भेटला. तो म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे चीफ, जहाजावरचे मुख्य इंजिनिअर. नव्वदीच्या दशकात मी सिंगापूरला विद्यापीठात संशोधन करत होतो आणि क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहत होतो. दहाव्यावर हे, वहिनी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. पंचवीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये घालवल्यावर कंपनीनं चीफना बंदराजवळच्या ऑफिसात खुर्चीवर बसवलं होतं. जहाज धक्क्याला लागलं की बाकीची मंडळी गाव बघायला उतरतात आणि इंजिनवाले तेवढ्या वेळात इंजिन उघडून बसतात, कारण चालत्या इंजिनाचं पोट उघडता येत नाही. त्यामुळे हॅम्बुर्ग म्हटलं की चीफना तिथे बदललेला पिस्टन आठवायचा आणि ब्यूनोस आयर्स म्हटलं की एक गळका पंप. मी एकदा हौसेनं व्हेनिसबद्दल विचारलं. थोडा विचार करून म्हणाले, "इंजिनाच्या कूलरमध्ये शेवाळ फार येतं." एवढंच त्यांचं व्हेनिस.

घरात ते जहाजावर असल्यासारखेच वागत. कुठल्याही यंत्राला आधी पालथा हात लावून बघायचा, कारण ताप पालथ्या हाताला लवकर कळतो. फ्रिज, मिक्सर, लिफ्टचं दार, सगळ्यांना दिवसातून एकदा तरी हा प्रसाद मिळे. मला फ्लू झाला तेव्हा माझ्या कपाळालाही मिळाला. "मशीन ठीक आहे," ते म्हणाले, "कूलिंग कमी पडतंय. पाणी पी." पण त्यांचा खरा धर्म एकच होता: आपल्या ताब्यातली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याशिवाय जागचं हलायचं नाही. ऑफिसला निघताना दारात उभं राहून ते वहिनींना सांगत, "गॅस बंद, गीझर बंद, बाहेर काठीवर दोन शर्ट वाळतायत. चार्ज तुझा." वहिनी आतून "घेतला" म्हणेपर्यंत बूट चढत नसत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, चहा आणायला उठले तरी अर्ध्या खाल्लेल्या नूडल्सचा चार्ज माझ्याकडे द्यायचे, आणि परत आल्यावर प्लेट नीट तपासून घ्यायचे. मला ह्या माणसाचा फार लळा लागला होता.

वहिनींनी बावीस वर्षांच्या संसारात काही मागितल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण एका जहाजाच्या तपासणीसाठी ऑफिस चीफना रॉटरडॅमला पाठवणार असं कळलं आणि त्या म्हणाल्या, "मीपण येते. शनिवार-रविवार तुम्ही मला अ‍ॅम्स्टरडॅम दाखवायचं. दाखवायचं म्हणजे माझ्याबरोबर बघायचं. सायकलवरून." सायकल का, तर वाचनालयातल्या एका पुस्तकात त्यांनी टोपलीत फुलं घेऊन सायकल चालवणाऱ्या बाईचा फोटो पाहिला होता. चीफ लगेच हो म्हणाले. वहिनी मात्र मला जिन्यात भेटल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "तिथे जाऊनही ह्यांनी काही उघडून ठेवलं ना, तर ह्यापुढे मी कुठे चला म्हणून म्हणणार नाही." त्या हसत होत्या, पण मला ते हसू काही फारसं खरं वाटलं नाही.

अडचण एवढीच होती की वहिनींना सायकल येत नव्हती. मग सहा रविवार ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठच्या बागेत भाड्याच्या सायकलवर शिकवणी झाली. चीफ सीट धरून मागे पळत आणि पळतापळता पुढच्या ब्रेकचं कार्य समजावून सांगत. वहिनी नारळाच्या झाडांना चुकवत, कधी न चुकवत जात. मुलगी गवतावर बसून आइस्क्रीम खात सिंगापुरी इंग्रजीत ओरडायची, "पपा, लेट गो लाह! ममी कॅन!" पण चीफ चार्ज सोडायला तयार नसत. सहाव्या रविवारी धाप लागून त्यांचाच हात सुटला, तेव्हा वहिनी एकट्या पाऊण किलोमीटर गेल्या आणि आपण शिकलो हे त्यांना परत आल्यावर कळलं.

पुढचं मला दोघांनी मिळून सांगितलं, एकमेकांची वाक्यं तोडत, माझा चहा निवेपर्यंत. शनिवारी सकाळी हॉटेलजवळच्या दुकानातून दोन सायकली भाड्यानं घेतल्या. त्यांच्या हँडलला ब्रेकच नव्हते. तिकडच्या पुष्कळ सायकलींचा ब्रेक पायात असतो, पेडल उलटं दाबलं की लागतो. दुकानातल्या मुलीनं वहिनींना हे दाखवलं आणि दोन मिनिटांत वहिनींना ते जमलं. चीफ तेव्हा चेनला पालथा हात लावून बघत होते. "ब्रेक दिसत नाही त्या गाडीवर मी माझं माणूस बसवणार नाही," ते म्हणाले आणि हॉटेलच्या अंगणात वर्तमानपत्र पसरून त्यांनी स्वतःची सायकल उलटी केली. पाना-पकड त्यांनी सिंगापूरहून आणलीच होती.

"अहो, पायानं लागतो," वहिनी म्हणाल्या.

"लागत असेल. कसा लागतो ते बघू दे."

नऊचे दहा झाले, दहाचे अकरा. मागचं चाक निघालं, त्याच्या मधोमधचं हब उघडलं, छर्रे बाथरूममधल्या साबणाच्या डबीत जाऊन बसले. चीफ अगदी खुशीत होते. "काय सुंदर काम आहे गं, ये, बघ तरी," असं त्यांनी दोनदा म्हटलं. वहिनी कोट घालून, पर्स खांद्याला लावून पायरीवर बसल्या होत्या. साडेअकराला त्या उठल्या. "तुमचं चालू दे," म्हणाल्या आणि आपली सायकल घेऊन फाटकातून गेल्यासुद्धा.

चीफनी मान वर केली तेव्हा त्या कोपऱ्यावर वळत होत्या. "पहिल्यांदा मनात आलं ते हे, की तिची सायकल मी तपासलेली नाही," ते मला म्हणाले. "आणि मग आलं की ही परत आली तरी आता माझ्याबरोबर कुठेच यायची नाही." हातात पाना, बोटांना ग्रीस, समोर उघडं हब, आणि आजूबाजूला चार्ज घ्यायला चिटपाखरू नाही. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चीफ यंत्र तसंच उघडं टाकून पळाले.

त्या शहरात कालवे सारखे, पूल सारखे, आणि सायकलवरच्या बायका तर शेकड्यांनी. चीफ पाऊण तास एकेका पुलावर चढून दोन्हीकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं शहर इतकं निरखून पाहिलं असेल. शेवटी एका पुलाच्या कठड्याला टेकून, कागदाच्या पुडीतले फ्रेंच फ्राइज खात, खालच्या बोटीवर कुणीतरी वाळत घातलेले कपडे बघत उभ्या असलेल्या वहिनी सापडल्या. त्यांनी चीफच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं.

"चार्ज कुणाकडे दिलात?"

"कुणाकडेच नाही," चीफ म्हणाले.

वहिनींनी पुडी पुढे केली. हे ऐकताना मी उगीचच गार चहा ढवळत बसलो.

आता सायकल एकच होती. चीफ अंगानं किरकोळ आणि वहिनी चांगल्या धडधाकट, सांगलीकडच्या, त्यामुळे चालवायचं कुणी हा प्रश्नच आला नाही. दोन दिवस चीफनी अ‍ॅम्स्टरडॅम कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून, बायकोच्या कोटाचा पट्टा धरून पाहिलं. पहिल्या तीन पुलांवर त्यांना उतरून ढकलावं लागलं. नंतर वहिनींचा जोर वाढला. मनात येईल तिथे त्या उतरत: फुलांच्या दुकानाशी, एका वाकड्या घरापाशी, नुसत्याच एका बदकापाशी. चीफ सुरुवातीला प्रत्येक थांब्यावर हबला पालथा हात लावत. रविवारी दुपारी ते विसरले. संध्याकाळी हॉटेलवाल्यानं अंगणातले सुटे भाग बुटांच्या खोक्यात भरून दिले, त्यात चार छर्रे कमी होते. दुकानातल्या मुलीनं खोक्याकडे पाहिलं, चीफकडे पाहिलं, आणि फक्त वहिनींना विचारलं, ट्रिप छान झाली ना. झाली, वहिनी म्हणाल्या.

पुढच्या वर्षी चीफ खुर्चीला कंटाळून पुन्हा जहाजावर गेले. लिफ्टच्या दारात त्यांनी घराचा चार्ज दिला, वहिनींनी घेतला, आणि दहाव्या मजल्यावर फार शांत झालं. पूर्वी त्यांच्या पत्रांत तब्येत आणि इंजिन याशिवाय काही नसे, असं वहिनी सांगायच्या. आता प्रत्येक बंदरातून एक पान वेगळं येऊ लागलं. माझं काम संपून मी भारतात परतायच्या आधीच्या आठवड्यात असंच एक आलं होतं. टपालपेटीपाशीच उभ्या राहून वहिनींनी ते मला वाचून दाखवलं. "सेकंड इंजिनिअरकडे चार्ज देऊन तीन तास गावात गेलो. चर्चच्या मागून एक उतार जातो, खाली मासळीबाजार आहे. एक म्हातारा पेटी वाजवत होता. तू इथे उतरली असतीस."

"तिथे मी मुळीच उतरले नसते," वहिनी म्हणाल्या. "मला मासळीचा वास सोसत नाही, हे ह्यांना अजून माहीत नाही. पण लिहू देत." आणि त्यांनी ते पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.