मावशीच्या मांडीवरची मुलगी

वाळत्या मिरच्यांचा ठसका लागला की कोरीटच्या मावशीचा तो फोटो आठवतो. तेव्हा मला जुन्या कॅमेऱ्यांचा नाद नुकताच लागला होता. खांडबाऱ्याच्या बाजारात कॅमेऱ्यासोबत मिळालेला रोल कोरा समजून मी वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लाल पथारीजवळ एकट्या बसलेल्या मावशीचा फोटो काढला. रोल धुऊन आला, तर तिच्या मांडीवर एक अनोळखी मुलगी हसत होती. कुणाच्या तरी जुन्या फोटोवरच तुझा फोटो निघालाय, चूक झाली, असं मी मूलबाळ नसलेल्या मावशीला समजावलं. तिनं मुलीच्या केसांवरून बोट फिरवलं. "मंग मन्हा मांडीवर कशी बठनी?" परवा गेलो, तर फोटो भिंतीवर होता आणि मावशी शेजारणीला त्या मुलीचं नाव सांगत होती. मीही मान डोलावली. का, ते अजून कळलेलं नाही.