किल्लीवाली आणि माझा पाटा

त्या दिवशी परसात आम्ही तिघी होतो. मी, माझी सून वैशाली आणि किल्लीवाली. चौथं तिचं लंगडं कुत्रं. मुलगा हॉस्पिटलात ड्यूटीवर होता, नाहीतर त्याने भांडण होऊच दिलं नसतं.

किल्लीवालीच्या कमरेला दोरीने बांधलेली लोखंडी किल्ली असायची, माझ्या वितीएवढी. आमच्या रस्त्याच्या टोकाच्या जुन्या चर्चची. केंब्रिजहून बसने जायचं खेडं ते, दोन हजार चार-पाचचं साल असेल. म्हातारी कुणाशी गोड बोलली नाही. आधी किल्ली वाजायची, मग ओरडा. खांबाला टेकलं की ओरडा, कट्ट्यावर बसलं की ओरडा. "हे बाकडं नाही," हे तिचं ठरलेलं. ते इंग्रजी मला सगळ्यात आधी कळायला लागलं.

मला मिक्सरची चटणी जात नाही. परसात भिंतीशी एक चपटा दगड मातीत रुतलेला होता. तो धुतला, ओढ्यातला गोटा वरवंट्याला आणला आणि लसूण-मिरची वाटायला लागले. वासावर ती आली. न विचारता फाटक उघडून आत, दगडाखाली बोटं घातली आणि वैशालीला म्हणाली, धर. दोघींनी उलटवला. खालच्या अंगाला द्राक्षाची वेल कोरलेली, पानांच्या शिरांसकट.

"आमचा आहे," ती म्हणाली.

"तुमचा होता तर माझ्या परसात कसा?"

वैशाली तिचं मला मराठीत, माझं तिला इंग्रजीत सांगत होती. किल्लीवालीचं म्हणणं, चर्च म्हणजे पूर्वी साधूंचा मठ. पावणेपाचशे वर्षांपूर्वी इथल्या राजाचं रोमच्या धर्मगुरूशी बिनसलं, त्याने मठ मोडला, छपराचं शिसं नेलं, साधू हाकलले. साधू गायचे तो अर्धा भाग पाडला. गावकरी प्रार्थनेला बसायचे तो अर्धा तेवढा राहिला. पडलेले दगड लोकांनी घरांना लावले, डुकरांच्या खुराड्यांना लावले.

"म्हणजे तुमच्याच लोकांनी चोरला."

"हो. तुम्ही निदान चोरलेला नाही. तरी द्या."

नाही दिला. ती फाटकाशी उभी राहून किल्ली वाजवायची, मी वरवंटा जोरात आपटायची. वर्ष असंच गेलं.

एकदा तिने माझा दंडच धरला आणि चर्चमध्ये नेलं. वैशाली मागून धावत आली. खालच्या कमानी गोल, वरच्या टोकदार. खालच्या बांधणारे मेले, नातवंडांची रीत बदलली, म्हणाली. भिंतीवरून कोरलेली वेल पुढे पुढे जात होती. मठ जिथून तोडला तिथे आडवी भिंत घातलेली, आणि वेल तिथे अर्ध्या पानात संपलेली. उरलेलं अर्धं पान माझ्या पाट्याला होतं.

मला रागच आला. म्हटलं, आमचं सगळं गाव धरणात गेलं, देऊळ गेलं. एक पायरी तेवढी बैलगाडीत घालून आणली. नव्या वसाहतीत तिच्यावर मी कपडे आपटले. दगडाला काम लागतं, नुसतं बघायला दगड कशाला?

"ती पायरी आता कुठे आहे?"

"दिराने फोडली. घराच्या पायात घातली."

"मग?" ती म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मुलाला सांगितलं, उचल तो धोंडा आणि तिच्या डोक्यावर घाल. त्याने चर्चमध्ये नेऊन ठेवला. भिंतीत बसवायला वरून परवानगी लागते, म्हणून खाली जमिनीवरच राहिला. किल्लीवालीने थँक यू म्हटलं नाही. येईल त्याला नाक मुरडून सांगायची, हा लसणाचा वास त्या चटणीवाल्या बाईचा. पण आठवड्याने एकचाकी गाडा ढकलत आली. गाड्यात साधी फरशी.

"ही कुणाचीच नाही," म्हणाली आणि फाटक उघडं टाकून गेली.

परवानगी यायच्या आधीच थंडीत ती गेली. मी रडले नाही. चटणी अजून त्याच फरशीवर वाटते.

आता किल्ली नव्या लोकांकडे आहे. येणारे बुटांच्या नाड्या बांधायला त्या दगडावर टेकतात, कुणी ओरडत नाही. ते चर्च माझं नाही, मला तिथे ओरडता येत नाही. तुम्ही कधी गेलात तर डाव्या भिंतीच्या टोकाला, अर्ध्या पानाखाली तो आहे. त्यावर बसू नका.