पाद्रीसाहेबांची म्हैस

पाद्रीसाहेबांची म्हैस आजारी पडली आणि रविवारी देवळात मला प्रार्थनेला उभं केलं. जुन्नरच्या बंगल्यावर मी माळी, म्हशीचं चारापाणीही माझ्याकडंच. मला एकच प्रार्थना शेवटपर्यंत पाठ होती, मयताची. डोळे मिटून तीच म्हणालो. "प्रभू, हिला तुझ्या विसाव्यात घे." मंडळी हसली. सोमवारी सकाळी म्हैस मेली.

साहेब उन्हाळ्यासाठी महाबळेश्वरला गेलेले. मागं कारभार मिशनच्या शाळेच्या हेडमास्तरांचा. बाप्तिस्मा त्यांचाही झालेला आणि माझाही. पण ते वरच्या आळीतून आलेले, मी डिंगोऱ्याच्या महारवाड्यातून. देवळात सतरंजी एकच होती, तरी त्यांच्या शेजारची जागा आमच्यासाठी कधी मोकळी नसायची.

त्यांनी दोर माझ्या पायाशी टाकला.

"तुझी प्रार्थना पावली. आता ओढ्यापलीकडं नेऊन टाक. कातडं काढून ठेव."

"मास्तर, ते काम सोडलंय आमी."

"प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, आणि तुला म्हैस जड झाली? त्याची इच्छा म्हणून मान खाली घाल. नाहीतर बंगल्यावरची खोली मोकळी कर."

काम सोडलं होतं ते बायकोच्या शब्दाखातर. बाप्तिस्म्याआधी तिनं मला बजावलं होतं, "ढोरं वढायचं सोडणार आसाल, तरच मी डोकं म्होरं करते." मी सोडलं. गावानं चिडून पाणी तोडलं. म्हणून तर बंगल्यावर आलो.

तरी मी दोर उचलला. खोली जाईल या भीतीनं. तोंडात मात्र 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो'. वाटलं, यालाच शरण जाणं म्हणत असतील. मास्तरांना ठाऊक असणार, ते शास्त्र शिकवतात.

म्हैस एकट्यानं हलेना. मास्तरांनी आणखी तिघे बोलावले. तिघेही आमच्याच वाड्यातले, तिघेही ख्रिस्ती. देवळात मास्तरांच्या शेजारी बसणारा एकही आला नाही.

बाजारातनं ओढत नेताना एका दुकानातून आवाज आला, "काय रं, येशूबी त्येच काम देतो व्हय?"

लोक हसले. मीही हसलो. ते माझं हसणं अजून घशात अडकलेलं आहे.

ओढ्याजवळ मास्तर छत्री घेऊन आले. नाकाला उपरणं. सुरी पुढं केली.

"चल, सुरू कर."

मी हात मागं घेतला. लई काही बोलावंसं वाटत होतं, सुचलं एवढंच.

"न्हाई मास्तर."

ते पुन्हा म्हणाले. मी पुन्हा तेवढंच म्हणालो. मग बाकीचे तिघेही म्हशीपासून दूर सरकले.

दुपारीच खोली गेली. साहेबांना मी कागद धाडला. पुढं त्यांचं उत्तर आलं: नम्र व्हा, मास्तरांची क्षमा मागा. मी मागितली नाही. मागणारही नाही.

त्या दुपारी बायको भांडी गोधडीत बांधत होती. जायचं कुठं, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मी घाबरत विचारलं, "देवाची इच्छा मोडली का गं आपण?"

तिनं गाठ दातानं आवळली.

"देवाची इच्छा आसती, तर त्येनं दोराला एक हात मास्तरांचाबी लावला आसता. हितनं म्होरं त्येची इच्छा आपुन त्यालाच इचारायची. मधी कुणी नगं."