कनूची पूजा

कनू, म्हणजे वल्हवायची छोटी होडी, मी घेतली होती, हे आधी सांगून ठेवते. माझ्या पगारातून, मीच पसंत केलेली, हिरवी, दोघं बसतील एवढी. परदेशातल्या आमच्या गुंगालिन उपनगराच्या थंडीत लोक हीटरला चिकटून बसलेले असताना मी दर शनिवारी सकाळी क्लबात जाऊन वल्हवायला शिकत होते. नवरा एकदाही बघायला आला नाही. "या वयात कसली हौस," म्हणून पुन्हा पांघरुणात शिरायचा. माझं मागणं एवढंच होतं, की माझ्या कनूत पहिल्यांदा मी बसणार. यात जगावेगळं काय होतं?

पण नवी गाडी आली की पूजा हवीच, आणि आमच्याकडे होडीही गाडीतच मोडते. नवऱ्याने ग्रुपवर मेसेज टाकला. रविवारी घराजवळच्या तळ्यावर त्याचे दोन मित्र बायकांसह हजर. लिंबू चाकाखाली ठेवतात, इथे चाकच नाही, यावर बराच खल झाला. शेवटी ते कनूच्या टोकाखाली सरकवलं. मी स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं. कुत्रा फिरवणारा एक माणूस थांबून "नाइस बोट, मेट" म्हणाला, तेही नवऱ्याला. नवऱ्याने खुशाल "थँक्स, मेट" म्हणून घेतलं. माझं डोकं तिथेच तापायला लागलं.

"वहिनी, तुम्ही ओवाळा," एक मित्र म्हणाला. मी ओवाळायला घेतलं तर वाऱ्याने निरांजन विझलं. वाऱ्याकडे पाठ करून ते पेटवलं आणि वळून बघते तर काय, नवरा आणि तो मित्र कनूत बसून पाण्यात. दोन्ही वल्ही त्यांच्याकडे. नवऱ्याच्या अंगात माझं लाइफ जॅकेट. आणि मी काठावर ताट घेऊन उभी.

"जाऊ दे गं, येतीलच आता," मित्राची बायको म्हणाली. का म्हणून जाऊ दे?

दोघेही एकाच बाजूने पाणी मारत होते, त्यामुळे कनू जागच्या जागी फिरत होती. बाकीचे हसत होते. मला संतापाने रडू येत होतं. पहिल्यांदा बसणं एकदाच असतं, आणि ते यांनी सहज जाता जाता उचलून नेलं.

कसेबसे काठाला लागले. पँट पिळत नवरा म्हणाला, "मस्त आहे गं. चल, आता तुला फिरवून आणतो."

"जॅकेट काढ," मी म्हटलं. ताट त्याच्या हातात दिलं आणि एकटीच निघाले. कनू सरळ गेली. जरा बरं वाटतंय तोच मागून त्याचा आवाज आला. मित्रांना सांगत होता, "बघितलंत? मीच शिकवलंय तिला."

मी कनू वळवली, काठाशी आणली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कुठल्या शनिवारी?"