भांडत भांडत शाळेपर्यंत

माझ्या मावशीला सगळी वस्ती भोंगा म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागेही म्हणते, आणि मावशीला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. तीनचाकी रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधून ती पोट भरते, मग लोकांनी काय कोकिळा म्हणायचं? चपलांचा सेल लागू दे, नळाचं पाणी बंद राहणार असू दे, कुणाचं कुत्रं हरवू दे, लोक तिलाच गाठतात. मागच्या सीटवर बॅटरी आणि ॲम्प्लिफायर, पुढे हँडलपाशी वायरने अडकवलेला माइक. काका होते तोवर ते रिक्षा चालवायचे आणि ही बोलायची. ते गेले तेव्हा चार शहाणी माणसं तिला सांगायला आली, आता रिक्षा विकून टाक. ती म्हणाली, "तोंड माझंच होतं. चाकं तेवढी त्यांची होती, ती मी शिकेन." आणि शिकली. शिकताना दोनदा भिंतीला धडकली आणि दोन्ही वेळा भिंतीलाच बोलली.

आमची वस्ती बंदराच्या मागे आहे, सगळी पत्र्याची घरं. समुद्रात काही खुट्ट झालं की बंदर कार्यालयातले एक कारकून येतात आणि मावशीच्या हातात एक कागद ठेवतात. तो कागद तिने गल्लीगल्लीत वाचून दाखवायचा. दोन वर्षांपूर्वी असाच कागद आला होता. त्यात लिहिलं होतं की वाऱ्याचा वेग वाढण्याची शक्यता आहे. आता, शक्यता या शब्दाशी मावशीचं मुळातच जमत नाही. तिने तो गाळला आणि स्वतःच्या पदरचं घातलं: "घरं उडतील! झोपून राहाल तर खाटेसकट उडाल, आणि खाली आलात तर कुणाचा नवरा कुणाच्या घरात सापडेल याची जबाबदारी माझी नाही!" वस्ती हसली, घाबरली आणि शाळेत जाऊन झोपली. वादळ समुद्रातच वळलं. सकाळी परत आलो तर दोरीवरचा रुमालसुद्धा जागचा हलला नव्हता.

आमच्या दाराचं कुलूप मात्र हललं होतं. आत आईचं शिलाई मशीन नव्हतं.

आई शाळेचे गणवेश शिवते. बाबा गेल्यावर आम्ही दोघी उभ्या राहिलो त्या याच मशीनच्या जिवावर. पुढे हातशिलाई करून, डोळे फोडून तिने दुसरं मशीन घेतलं, पण मावशीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. मावशी घरी यायची थांबली नाही आणि आई बोलायला लागली नाही. दोघी समोरासमोर बसायच्या आणि आई माझ्याकडे बघून म्हणायची, "तिला विचार, चहा घेणार का." मीही विचारायची. दोन हातांवर बसलेल्या बाईला निरोप पोचवायचं हे काम मी दोन वर्षं बिनपगारी केलं. रुसव्यातही आईने चहा कधी चुकवला नाही, हे मात्र खरं.

यंदा पुन्हा इशारा आला. मी औषधाच्या दुकानात कामाला आहे. सकाळी मोबाइलवर हवामानाचा नकाशा पिवळा होता, दुपारी नारिंगी झाला, तेव्हा मालकांना सांगून मी सरळ घरी आले. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत भरली, टॉर्च चार्जिंगला लावला, शिडी लावून वर चढले. आमच्याकडे पत्रा उडू नये म्हणून त्यावर विटा ठेवायची पद्धत आहे, विटा, दगड, जुने टायर, ज्याच्याकडे जे असेल ते. रोजच्या वाऱ्याला ते चालून जातं. मोठा वारा सुटला की पत्र्याआधी विटाच सुटतात आणि शेजारी उतरतात. आमच्या विटा मी खाली आणल्या. शेजारच्या गॅरेजवाल्यांच्या विटा सुटल्या तर बरोबर आईच्या पलंगावर येतात, म्हणून त्यांनाही सांगायला गेले.

"माझ्या बापाने ठेवल्यात त्या," ते म्हणाले. "आजवर एक हलली नाही."

"आणि हलली तर?"

"तर बघू."

ती पडल्यावर बघायला आई शिल्लक राहणार होती का, हा माझा प्रश्न होता. पण आईचं काही निराळंच चाललं होतं. ती मशीनवर बसून बाह्या जोडत होती. शाळेत जायचं नाव काढलं तर म्हणाली, "वारा आला तर येऊ दे. चोर आला तर काय करू?" मी समजावलं, ओरडले, शेवटी रडले. तिने धागा तोडला आणि म्हणाली, "डोळे पूस, दुसरी बाही दे." मी हात टेकले.

तिकडे कारकुनांनी मावशीला कागद दिलाच नाही. या वेळी त्यांनी पेन ड्राइव्ह आणला होता. मागच्या वेळच्या तक्रारी त्यांनाच निस्तराव्या लागल्या होत्या, त्यामुळे त्यांचीही चूक म्हणता येणार नाही. "फक्त हे वाजवायचं," ते म्हणाले. "स्वतःचं एक अक्षर नको, बाई, हात जोडतो." मावशीने शहाण्यासारखं ते वाजवलं. पहिल्या फेरीला भोंग्यातून एक गंभीर बुवा बोलत गेला की सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की संभाव्य वाऱ्यांची तीव्रता विचारात घेता सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.

"संबंधित म्हणजे कोण?" गॅरेजवाल्यांनी दारातून विचारलं.

"तुम्ही," मावशी म्हणाली.

"मला तर कुणी काही कळवलं नाही."

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "अगं, भोंगा आला, कपडे वाळत घाला! उद्या हमखास ऊन!" गल्ली खो खो हसली. मावशीने ते ऐकून घेतलं. दुसऱ्या फेरीला तिने बुवाचा गळा दाबला, माइक हातात घेतला आणि रिक्षा आणून थेट आमच्या दारात लावली.

"ताई, चल."

ते एवढ्या मोठ्याने झालं की कपाटावरची भांडी वाजली. आईने मानही वर केली नाही. "सांग तिला, मी येणार नाही."

मी दारात जाऊन तोंड उघडलं. "मावशी, आई म्हणते..."

"ऐकलं मी!" भोंगे गरजले. माइक हातात असला की मावशीला घरातलं कुठलं आणि रस्त्यावरचं कुठलं याचं भान राहत नाही. "तिला सांग, वारा काही चहा घेणार का विचारल्यावर आत येत नाही!"

"सांग तिला, मागच्या वेळीही असाच येणार होता!"

"नाही आला! बरं, नाही आला! दोन वर्षं तेच ऐकतेय!"

"ऐकशील नाहीतर काय करशील?" आई उठली. कात्री हातात तशीच होती. "माझं मशीन गेलं! तुझं ऐकून घर सोडलं आणि माझं मशीन गेलं!"

दोन वर्षांत आई पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलली होती, आणि तेही माइकच्या पुढ्यात उभी राहून, त्यामुळे बंदरापर्यंत ऐकू गेलं असणार.

मग मला दिसलं की दारं उघडतायत. बुवाच्या सूचनेला एक खिडकी उघडली नव्हती. भांडणाला सगळी गल्ली बाहेर आली. कडेवर मुलं घेऊन बाया आल्या, दाढीला साबण लावलेला एक जण तसाच आला, आणि एकीने तर बसायला स्टूल आणलं.

मावशीला ते काही दिसत नव्हतं. ती आईकडे बघत होती.

"मशीन चोराने नेलं, मी नेलं नाही," ती म्हणाली. "वादळ आपणहून वळलं, मी वळवलं नाही. तुला घराबाहेर मात्र मी काढलं, आणि आजही काढणार. दहा वेळा नाही आलं तरी अकराव्या वेळी काढणार. हसू देत लोकांना. मशीन गेलं तर मला शिव्या द्यायला तू राहतेस. तूच गेलीस तर मी कुणाशी भांडू गं?"

शेवटी तिचा आवाज फाटला, आणि भोंग्यांनी तो फाटलेला आवाजही जसाच्या तसा गल्लीभर पोचवला. स्टूलवालीने डोळ्याला पदर लावला.

आई कितीतरी वेळ कात्री उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "मशीन इथे टाकून मी येणार नाही."

"टाक म्हणतंय कोण? आण."

आईने विचार बदलण्याआधी मी धावले. पट्टा काढला, मागचे दोन स्क्रू सैल केले, मशीनचं डोकं कलतं करून उचललं आणि मागच्या सीटवर बॅटरीला टेकवून ठेवलं. वर आईचं पांघरूण घातलं. आता आईला बसायला जागाच उरली नाही. ते बघून मावशीच्या तोंडावर जे काही आलं ते मी चांगलं ओळखते. तिने रिक्षा चालू केली आणि माइकमध्ये म्हणाली, "मशीन चाललं! ज्याचं असेल त्याने मागून यावं!"

"अगं थांब!" आई कात्रीसकट धावली. "हळू चालव! खड्ड्यात घालशील!"

"खड्डे मी केले नाहीत!"

"सगळं तू केलंस! लहानपणापासून तूच करतेस!"

मी कुलूप लावलं आणि मागे पळाले. माझ्या मागे गल्ली निघाली. भांडण असं रंगात आलेलं असताना घरी कोण बसतं? आणि मावशीला आता सगळं दिसायला लागलं होतं. आईला उत्तर देता देता ती मध्येच सोडून द्यायची, "तुला आईने जास्त लाडावलं, हे खरं आहे की नाही? आणि गॅस बंद करून या रे सगळे! कागदपत्रं पिशवीत घ्या, औषधं घ्या! बादल्या आत टाका! लाडावलं की नाही, बोल!" आई बोलत होती. बालपणीचं, लग्नातलं, माझ्या जन्मावेळचं, सगळं. गॅरेजवाले दारात घुटमळत होते, कारण पुढचं ऐकायचं तर होतं. मावशीने ओळखलं. "गॅरेजवाले, आधी विटा खाली, मग या! तुम्ही आल्याशिवाय आम्ही संपवत नाही!" आणि काय सांगू, त्यांनी शिडी लावली.

शाळेच्या फाटकात कारकून उभे होते. अख्खी गल्ली पोराबाळांसह येताना बघून त्यांचा चेहरा खुलला, मग कानावर काय पडतंय ते कळलं आणि पडला. "मी दिलेलं वाजवलंत का?"

"वाजवलं. मग हे वाजवलं."

त्यांनी चटया वाटायला घेतल्या. मग मावशीजवळ येऊन हळूच म्हणाले, "पाण्याकडची गल्ली अजून यायची राहिलीय. तिथेही... होईल का?"

मावशीने आईकडे बघितलं. आईने मशीनचं डोकं दोन्ही हातांनी उचलून माझ्याजवळ ठेवलं, पांघरूण नीट केलं आणि रिक्षात जाऊन बसली. "होईल," ती म्हणाली. "माझं अजून बोलून झालेलं नाही."

ती गल्लीही आली.

रात्री वारा सुटला, खिडक्यांची तावदानं थरथरली, पोरं रडली, आणि पहाटेपर्यंत सगळं निवळलं. रेडिओवर सांगितलं की वादळ खालच्या किनाऱ्यावर गेलं. तिथे एका बंदराची वस्ती भुईसपाट झाली होती. आमच्याकडे चार फांद्या आणि दुकानाची एक पाटी पडली होती, एवढंच. गल्लीत परत आलो तर सगळी घरं जशीच्या तशी. कुलपंसुद्धा.

मी देवाचे आभार मानत होते. लोक झोप मोडल्यामुळे वैतागले होते. गॅरेजवाल्यांनी खाली रचलेल्या आपल्या विटांकडे बघितलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"काय भोंगाबाई, परत फसवलंत ना? चटईवर झोपून पाठ गेली माझी. पुढच्या वेळी कोण येतं बघू."

दोघं-चौघं हसले. मावशी रात्रभर जागी होती, डोळे लाल होते. "फसवलं नाही," ती म्हणाली. "आपल्यावर आलं नाही, दुसऱ्यांवर गेलं. त्यांना जाऊन सांगा फसवलं म्हणून." पण माइक नव्हता, आवाज बसला होता, आणि हसणं चालूच राहिलं. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला.

तेवढ्यात आई रिक्षातून उतरली. मशीनचं डोकं तिच्या छातीशी होतं. ती तशीच गॅरेजवाल्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमची पाठ गेली?" ती म्हणाली. "माझं मशीन गेलं होतं. अख्खं मशीन. आणि तरी सांगते, पुढच्या वेळी ही आली की पहिलं कुलूप माझ्या दाराला लागेल. त्याच्या पुढच्या वेळीही लागेल. तुम्ही नाही निघालात तर तुमच्या दारात येऊन भांडेन, आणि मला भोंगा लागत नाही. अजून कुणाला हसायचंय?"

कुणालाच हसायचं नव्हतं. गॅरेजवाले विटा मोजल्यासारखं करायला लागले.

मावशी आईकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. "ताई," ती बसक्या आवाजात म्हणाली, "ताई गं..."

आईने मशीनचं डोकं तिच्या हातात दिलं, कनवटीची किल्ली काढून दार उघडलं आणि माझ्याकडे वळली.

"तिला सांग, सांभाळून आत आण. आणि विचार, चहा घेणार का."